डिजिटल मीटर, पुण्याचे एस्टिमेट आणि उद्यमनगरातील दुरुस्ती

महागड्या स्पोर्ट्स कारच्या डिजिटल मीटरची दुरुस्ती कोल्हापुरात होते, आणि ती नुसते काम भागवण्यापुरती नव्हे तर नीट होते, हे आधीच सांगून टाकतो; तक्रारीही आहेत, त्या पुढे येतीलच. हा अभिप्राय शिवाजी उद्यमनगरातील एका दुकानाविषयी आहे. दुकानावर पाटी नाही. ‘मीटरवाले’ एवढे विचारले की आजूबाजूच्या लेथवरचा कोणीही कारागीर बोट दाखवतो. मालकांकडे हातात आहे तेवढेच काम पुरेसे आहे आणि त्यांना प्रसिद्धी नको आहे, म्हणून त्यांचे नाव येथे लिहीत नाही.

गाडी दोन दारांची, बाहेरून पूर्ण बांधून आयात झालेली आणि मी दुसऱ्या हाताची घेतलेली आहे. तिची कंपनीची हमी केव्हाच संपली आहे. या गाडीत काट्यांचे मीटर नाही. वेग, इंजिनाचे फेरे, इंधन आणि सर्व इशारे एकाच रंगीत पडद्यावर उमटतात. उन्हाळ्यात निपाणीच्या बाजूला जाताना, गाडी चांगली तापल्यावर, हा पडदा अचानक काळा पडू लागला. काही क्षणांनी त्यावर कंपनीचे चिन्ह उमटे, मग आकडे परत येत आणि थोड्या वेळाने पुन्हा अंधार होई. इंजिन, ब्रेक आणि स्टिअरिंग यांना काहीही झालेले नव्हते. महामार्गावर आपला वेग मोबाइलवर पाहून गाडी चालवावी लागते, एवढीच काय ती अडचण, असे कोणी म्हणेल. परंतु तेलाचा दाब कमी झाल्याचा किंवा इंजिन तापल्याचा इशाराही त्याच पडद्यावर येणार असतो, हे लक्षात घेतले की ही अडचण किरकोळ राहत नाही.

गाडी प्रथम पुण्यातील अधिकृत सेवा केंद्रात नेली. तेथे स्कॅनर लावण्यात आला, यू०१५५ हा फॉल्ट कोड निघाला आणि संपूर्ण मीटर बदलावे लागेल असे सांगून एस्टिमेट हाती देण्यात आले. नवे मीटर, मजुरी, कोडिंग आणि कर धरून ती रक्कम साडेचार लाखांच्या वर जात होती. मीटर परदेशातून मागवायचे असल्यामुळे मोठी रक्कम आगाऊ भरायची होती आणि मीटर बदलल्यावरही दोष राहिला तर ती रक्कम परत मिळणार नव्हती. ही शेवटची अट मला सर्वांत खटकली. ज्याने निदान केले त्याचाच त्या निदानावर पुरेसा भरवसा नसेल, तर साडेचार लाखांची जोखीम ग्राहकाने का घ्यावी, या प्रश्नाला सल्लागारांकडे उत्तर नव्हते. ते मात्र अतिशय सभ्यपणे बोलत होते, हे नमूद करायला हवे.

यू०१५५ या कोडचा अर्थ एवढाच आहे की मीटरशी चाललेला संपर्क तुटल्याची नोंद गाडीतील दुसऱ्या एखाद्या नियंत्रकाने केली आहे. आजच्या गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, एअरबॅग, दारे आणि मीटर यांचे वेगवेगळे नियंत्रक असतात आणि ते एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेली ही ‘कॅन’ पद्धत आता जवळपास प्रत्येक गाडीत आहे. मीटर गप्प झाले की इतर नियंत्रक तशी नोंद करतात. परंतु ते का गप्प झाले, हे त्या कोडवरून कळत नाही. त्याला वीज मिळत नसेल, त्याची अर्थिंगची जोडणी सैल झाली असेल, तार तुटली असेल, तारा जिथे मीटरला जोडतात त्या कपलरमध्ये गंज चढला असेल किंवा खरोखरच आतील इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडला असेल. यांपैकी शेवटची शक्यता सर्वांत महाग आहे आणि एस्टिमेटमध्ये नेमकी तीच आधी गृहीत धरलेली होती.

उद्यमनगरातील मालकांना हे सर्व सांगितल्यावर त्यांनी एस्टिमेटचा कागद वाचलाही नाही. ‘मीटर गेलंय का मीटरपत्तूर वीजच येत नाही, हे आधी बघूया की साहेब,’ एवढेच ते म्हणाले. निदानाचे तीन हजार रुपये वेगळे, दोष सापडला नाही तरी ते द्यायचे, आणि दुरुस्ती करायची की नाही हे नंतर ठरवायचे, असा त्यांचा व्यवहार आहे. पहिल्यांदा ऐकताना हा खर्च फुकटचा वाटतो. प्रत्यक्षात याच तीन हजारांत ग्राहक सर्वांत मोलाची वस्तू विकत घेतो, कारण निदानाचे पैसे वेगळे मिळाले की दुरुस्ती करणाऱ्याला सुटा भाग विकण्याची घाई उरत नाही.

या दुकानात गाड्यांची मीटर हे जोडकाम आहे. मुख्य काम कारखान्यांच्या यंत्रांचे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये एखाद्या सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्राचा ड्राइव्ह किंवा कंट्रोल बोर्ड जळाला, तर जपान किंवा जर्मनीहून नवा येईपर्यंत यंत्र बंद ठेवणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे बोर्ड उघडून, दोष शोधून, एक एक घटक बदलून तो पुन्हा चालू करणारी माणसे या शहरात तयार झाली. पूर्वी ऑइल इंजिनाचा हवा तो भाग उद्यमनगरात घडवून मिळत असे, त्याच गल्ल्यांत आता मायक्रोस्कोपखाली सोल्डर केले जाते, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने घटक बोर्डला जोडले जातात. महागड्या गाड्यांची वस्ती मुंबई-पुण्यात जास्त असली, तरी बोर्ड दुरुस्त करणारा हात कोल्हापुरात सापडतो, याचे कारण हे आहे. (याचा अभिमान बाळगायला हरकत नाही, फक्त तो दुकानाच्या स्वच्छतेपर्यंत पोहोचलेला नाही.)

निदानाची पद्धत मी जवळ उभा राहून पाहिली आणि ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. सर्वप्रथम बॅटरी तपासण्यात आली. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. स्पोर्ट्स कार मात्र आठवडेच्या आठवडे झाकून उभी असते, तिची बॅटरी हळूहळू उतरते आणि स्टार्ट करताना व्होल्टेज खाली गेले की निरनिराळे नियंत्रक एकाच वेळी खोटे फॉल्ट कोड नोंदवू लागतात. म्हणून आधी बॅटरीला चार्जर जोडला, जुने कोड लिहून घेऊन पुसले आणि त्यानंतर गाडी तापवून कोणते कोड परत येतात ते पाहिले. परत आला तो एकच, यू०१५५.

त्यानंतर मीटर काढून त्याच्या कपलरवर येणारी वीज तपासण्यात आली, आणि येथे या दुकानाची हुशारी दिसली. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचे हातातले उपकरण, लावला तर जवळजवळ प्रत्येक वेळी बारा व्होल्ट दिसतात, कारण मल्टिमीटर स्वतः नगण्य विद्युतप्रवाह ओढतो; तारेची एकच बारीक लड शिल्लक असली तरी आकडा बरोबर येतो आणि तपासणारा फसतो. यांनी इंडिकेटरचा २१ वॉटचा दिवा त्या कपलरवर लावला. असा दिवा पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. तार किंवा अर्थिंग कमजोर असेल तर दिवा मंद होतो आणि व्होल्टेज उतरलेले लगेच कळते. दिवा पूर्ण तेजाने जळत राहिला. म्हणजे वायरिंग आणि अर्थिंग दोन्ही ठीक होते. मग बॅटरीची जोडणी काढून कॅनच्या दोन तारांमधील रोध मोजला. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एक एक रोधक असतो, त्यामुळे मापन ६० ओहमच्या जवळ यायला हवे आणि ते तसेच आले. एवढ्या साध्या साधनांनी, कोणताही महागडा स्कॅनर न वापरता, दोष मीटरच्या आत आहे हे सिद्ध झाले. पुण्याचा निष्कर्ष या मर्यादेत बरोबर होता, हे मान्य करावे लागेल. चुकीचा होता तो त्यावरचा उपाय.

मीटर उघडण्यापूर्वी त्यांनी मेमरीतील संपूर्ण माहितीची प्रत काढून ठेवली आणि जॉब कार्डवर गाडीचे एकूण किलोमीटर लिहून माझी सही घेतली. मग टेबलावर स्वतंत्र वीजपुरवठ्यावर मीटर चालू करून गरम हवेने ते हळूहळू तापवले. थोड्या वेळाने पडदा काळा झाला आणि चिन्ह परत उमटले, अगदी रस्त्यावर होत असे तसेच. चिन्ह पुन्हा उमटणे हीच खूण होती, असे मालकांनी समजावले: पडदा स्वतः खराब असता तर तो काळा राहिला असता किंवा त्यावर रेषा आल्या असत्या, आतील प्रोसेसर नव्याने सुरू होतो आहे, याचा अर्थ त्याला मिळणारी वीज क्षणभर तुटते आहे. बारा व्होल्ट उतरवून प्रोसेसरला लागणारे कमी व्होल्टेज तयार करणारा जो भाग बोर्डवर असतो, त्यातील कॉइलच्या एका पायाभोवतीचे सोल्डर केसाएवढ्या चिरेने तडकलेले होते. मायक्रोस्कोपखाली ती चीर मलाही दाखवण्यात आली. कॉइल हा त्या बोर्डवरील जड घटक आहे. बोर्ड, तांबे आणि सोल्डर उष्णतेने सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, आणि वर्षानुवर्षे तापून व थंड होऊन जोड थकतो. गार असताना चीर मिटते, तापली की उघडते. सेवा केंद्राच्या वातानुकूलित दालनात गाडी अर्धा तास उभी ठेवून तपासली, तर हा दोष दिसणारच नाही.

दुरुस्ती म्हणजे ते सोल्डर पुन्हा करणे, असे वाचताना वाटते तितके हे सोपे नाही. शिसे आणि कथील यांचे जुने सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळत असे, तर आता सर्रास वापरले जाणारे शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळू लागते. शिवाय बोर्डमध्ये तांब्याचे अनेक थर असल्याने ते उष्णता शोषून घेतात. नुसते इस्त्रीसारखे तापलेले टोक दाबून धरले तर बोर्डवरील तांब्याची चकतीच उचलून येते आणि मग तो बोर्ड खरोखर कचऱ्यात जातो. यांनी बोर्ड खालून तापवून घेतला, जुने सोल्डर पूर्ण काढले, कॉइल नवी बसवली आणि तिच्या शेजारचे दोन कपॅसिटरही बदलले. मीटर रात्रभर टेबलावर गरम-गार करत चालू ठेवले गेले.

मूळ बोर्ड वाचवण्याचा फायदा पैशांपुरता नाही. अनेक आधुनिक गाड्यांत किल्लीची ओळख पटवणाऱ्या इमोबिलायझरची माहिती आणि एकूण किलोमीटरची नोंद मीटरशी जोडलेली असते. नवे मीटर बसवले की ते कंपनीच्या सर्व्हरशी जोडून गाडीला ‘ओळख’ करून द्यावे लागते. भंगारातील गाडीचे जुने मीटर इंटरनेटवरून स्वस्तात मिळते, परंतु ते लावल्यावर गाडी सुरू होईलच याची खात्री नसते, आणि किलोमीटर दुसऱ्याच गाडीचे दिसले तर ती गाडी विकताना कोणत्या तोंडाने विकायची, हाही प्रश्न राहतो. आपलेच मीटर दुरुस्त झाले तर यातले काहीही करावे लागत नाही. माझ्यासमोरच एका गाडीवाल्याने किलोमीटर कमी करून मागितले, तेव्हा मालकांनी त्याला सरळ परत पाठवले. माझ्या दृष्टीने या दुकानाचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र ते आहे.

दुरुस्तीचे चोवीस हजार आणि निदानाचे तीन, असे एकूण सत्तावीस हजार रुपये लागले. त्यात मीटर काढणे आणि बसवणे आले. पुण्याच्या एस्टिमेटच्या तुलनेत हा आकडा इतका लहान आहे की त्रुटींकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. तो आवरून त्या सांगतो. दिलेली तारीख पाळली गेली नाही आणि उशीर होणार असल्याचे त्यांनी स्वतःहून कळवले नाही. दुपारनंतर फोन उचलला जात नाही. बिलावर प्रथम ‘मीटर रिपेअर’ एवढे दोनच शब्द होते. कोणता घटक बदलला आणि किती मुदतीची हमी, हे मी आग्रह धरल्यावर लिहून मिळाले. सहा महिन्यांची हमी तोंडी सांगायची आणि कागदावर टाळायची, ही आपल्याकडील जुनी सवय आहे, पण अशा किमतीच्या गाडीच्या कामाला ती शोभत नाही. गाडी उभी करायला आडोसा नाही; समोरच्या कारखान्यातील ग्राइंडिंगचा बारीक कीस हवेत असतो आणि तो रंगावर बसला तर पावसात त्याचे गंजाचे ठिपके उमटतात. गाडी झाकण्यासाठी स्वतःचे कव्हर न्यावे. डॅशबोर्डच्या काळ्या चकचकीत पट्टीवर काढता-घालताना एक ओरखडाही उठला आहे. तो त्यांनी मान्य केला व बिलातून काही रक्कम वजा करण्याची तयारी दाखवली, परंतु पट्टीभोवती आधी कागदी टेप लावला असता तर हा प्रसंगच आला नसता.

काही कामे हे दुकान घेत नाही आणि त्याबद्दल मला आदर वाटतो. एअरबॅगचा नियंत्रक आणि ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा बोर्ड ते उघडत नाहीत. ज्या कामाला कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागते, ते काम त्यांच्याकडे होत नाही. पडद्याची काच किंवा आतील पॅनेल फुटले असेल तर तेही नाही. मधल्या मोठ्या स्क्रीनविषयी त्यांनी दिलेला सल्ला मात्र उपयोगी आहे. या स्क्रीनच्या आत फ्लॅश मेमरीची चिप असते आणि तिच्यावर ठरावीक वेळाच लिहिता येते. नकाशे आणि नोंदी सतत लिहिल्या गेल्या की ती झिजते. हा दोष काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेस्लाने अमेरिकेत मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या जुन्या गाड्यांपैकी सुमारे एक लाख पस्तीस हजार गाड्या परत बोलावल्या, कारण त्यांतील आठ गिगाबाइटची अशी चिप झिजून मधली स्क्रीन बंद पडत होती आणि तिच्याबरोबर मागचे दृश्य दाखवणारा कॅमेराही जात होता. माझ्या गाडीची मधली स्क्रीन उशिरा सुरू होते. ती पूर्ण मरण्याच्या आधी चिपची प्रत काढून नव्या चिपवर उतरवली तर खर्च आटोक्यात राहतो, मेल्यावर प्रत काढायलाच काही उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते काम मी अजून दिलेले नाही. चालू असलेली वस्तू उघडायला मन धजत नाही.

अधिकृत सेवा केंद्रावर सर्व खापर फोडणे योग्य होणार नाही. बोर्ड उघडून दुरुस्त करण्याची मुभा तेथील तंत्रज्ञांना नसते. पूर्ण भाग बदलायचा, ही वरून आलेली पद्धत असते आणि नव्या भागाला रीतसर हमी मिळते. प्रश्न असा आहे की ग्राहकाला दुसरा पर्याय कितपत उपलब्ध ठेवला जातो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजना मिळू न दिल्याच्या कारणावरून. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला. तरीही माझ्या गाडीच्या मीटरचा विद्युत आराखडा या दुकानाला कोठूनही अधिकृतपणे मिळू शकला नाही. त्यांनी तो बोर्डवरील रेषा मागोवत स्वतः हाताने काढला, आणि उशीर होण्याचे खरे कारण तेच होते.

विम्याचाही विचार करून पाहिला. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे आपोआप तडकलेल्या सोल्डरचे पैसे तेथून मिळत नाहीत. पुराचे पाणी गाडीत शिरून मीटर गेले असेल तर गोष्ट वेगळी; ते अपघाती नुकसान ठरते आणि अशा वेळी कोणालाही मीटर उघडू देण्यापूर्वी सर्वेक्षकाची पाहणी करून घ्यावी. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शहरात हे सांगावे लागते, याचे आश्चर्य नाही.

गाडी कंपनीच्या हमीत असेल तर या दुकानात जाऊ नये. मीटर उघडल्याचे दिसले की हमीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. हमी संपलेली असेल आणि मीटर, एसीचे पॅनेल किंवा मधली स्क्रीन अधूनमधून बंद पडत असेल, तर लाखाचे एस्टिमेट मंजूर करण्यापूर्वी येथे निदान करून घ्यावे. जाताना दोन्ही किल्ल्या न्याव्यात, दोष कोणत्या वेळी दिसतो त्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्यावा आणि किलोमीटरचा फोटो स्वतः काढून ठेवावा. गाडी परत घेताना किल्ली फिरवून सर्व इशाऱ्यांचे दिवे क्षणभर पेटतात आणि मग विझतात, हे पाहावे. एअरबॅगचा दिवा मुळात पेटलाच नाही, तर तो पेटून राहण्याइतकेच ते वाईट आहे. दुकान सोमवारी बंद असते, आणि फोन करायचा असेल तर तो सकाळी करावा.